मुलांच्या मापाचे मैदान : कार्ल स्टॉट्झ यांचे कार्य

मोठी माणसे ज्या मैदानावर खेळतात तेथे आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला बहुधा सीमेबाहेर गेलेला चेंडू आणून देण्याचे काम येते. मोठ्यांतील एखादा गडी घरी निघून गेला, तर त्यांतील एकाला क्षेत्ररक्षणासाठी उभे करतात. फळी हाती येते ती सर्वांत शेवटी, दिवस मावळताना. आणि तीही त्याच्या खांद्याएवढी उंच व दोन्ही हातांनी न पेलणारी. गावोगावच्या मैदानांवर दिसणारे हे दृश्य अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया राज्यातील विल्यम्सपोर्ट ह्या शहरातही दिसत असे. फरक इतकाच की, तेथील एका सामान्य नोकरदाराला ते खटकले आणि त्याने त्यावर उपाय शोधला. त्यांचे नाव कार्ल स्टॉट्झ. १९३९ साली त्यांनी तीन संघांची मिळून सुरू केलेली 'लिट्ल लीग' ही मुलांची बेसबॉल संघटना आज ऐंशीहून अधिक देशांत पसरली आहे. स्वतः स्टॉट्झ मात्र १९५६ नंतर तीत नव्हते. गावपातळीवरचे एखादे चांगले काम कसे उभे राहते, आणि ते मोठे झाले म्हणजे उभे करणाऱ्याच्या हातून कसे निसटते, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात एकत्र पाहावयास मिळतात. शाळा, ग्रामपंचायती व क्रीडामंडळे चालविणाऱ्यांना ह्या चरित्राचा परिचय उपयुक्त वाटावा.

विल्यम्सपोर्ट आणि स्टॉट्झ

सस्क्वेहॅना नदीच्या पश्चिम शाखेच्या काठी वसलेले विल्यम्सपोर्ट हे एकोणिसाव्या शतकात लाकडाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. डोंगरांतून तोडलेले ओंडके नदीतून वाहत येत आणि शहरातील गिरण्यांत त्यांच्या फळ्या होत. जंगले सरली तसा व्यापार ओसरला. पुढे जागतिक मंदीचे दिवस आले आणि १९३६ च्या मार्च महिन्यात नदीला मोठा पूर येऊन शहराची बरीच हानी झाली. अशा ओढग्रस्तीच्या काळातील ही हकीकत आहे.

कार्ल स्टॉट्झ यांचा जन्म ह्याच शहरात २० फेब्रुवारी १९१० रोजी झाला. त्यांना मुली होत्या, मुलगा नव्हता. संध्याकाळी कामावरून आल्यावर ते आपल्या दोन लहान भाच्यांबरोबर घरामागील मोकळ्या जागेत चेंडू खेळत. १९३८ च्या उन्हाळ्यात एके दिवशी उंच गेलेला चेंडू झेलण्यासाठी धावत असता लायलॅकच्या झुडपाच्या छाटलेल्या बुंध्यांना त्यांचा पाय अडखळला आणि घोटा खरचटला. पाय धरून पायरीवर बसले असताना त्यांना आपले बालपण आठवले. मोठी मुले खेळत असताना ताटकळत राहणे, फुटकी फळी, चिकटपट्टी गुंडाळलेला चेंडू. तेथेच त्यांनी भाच्यांना विचारले की, गणवेश, नवा चेंडू आणि पेलवेल अशी फळी घेऊन खऱ्याखुऱ्या संघात खेळायला तुम्हांला आवडेल का? मुलांनी उलट विचारले, आम्ही खेळणार कोणाशी? आमचा खेळ बघायला लोक येतील का? आणि बँडवाले येऊन वाद्ये वाजवतील का?

ह्यांतील तिसरा प्रश्न प्रस्तुत लेखकाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलांना चेंडूफळी तर हवीच होती. परंतु मोठ्यांच्या सामन्याला जो मान मिळतो तोही हवा होता. स्टॉट्झ यांनी ती मागणी हसण्यावारी नेली नाही.

साठ फुटांचा शोध

स्टॉट्झ यांनी पुढे काय केले हे कळण्यासाठी बेसबॉलची जुजबी माहिती आवश्यक आहे. हा खेळ क्रिकेटचा दूरचा नातेवाईक म्हणता येईल. मैदानावर एक चौरस आखलेला असतो व त्याच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणी असतात. त्यांना 'बेस' म्हणतात. चौथ्या ठाण्यापाशी, म्हणजे 'होम'पाशी फलंदाज उभा राहतो. चौरसाच्या मध्यभागाजवळून 'पिचर' त्याच्याकडे टप्पा न पाडता चेंडू फेकतो. चेंडू टोलवला की फलंदाज फळी टाकून पहिल्या ठाण्याकडे धावतो. तो पोचण्यापूर्वी तेथील क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू आला, तर फलंदाज बाद. तिन्ही ठाणी ओलांडून तो पुन्हा होमला परतला म्हणजे एक धाव होते. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू असतात आणि मोठ्यांचा सामना नऊ डावांचा असतो.

मोठ्यांच्या मैदानात दोन ठाण्यांमधील अंतर ९० फूट असते आणि पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. चौरसाचा कर्ण भरतो सुमारे १२७ फूट. म्हणजे तिसऱ्या ठाण्याजवळ चेंडू अडविणाऱ्याला तो पहिल्या ठाण्यापर्यंत इतका लांब फेकावा लागतो. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात एवढी ताकद नसते. त्याचा चेंडू वाटेतच लोळण घेतो आणि फलंदाज सहज पोचतो. उलट, पळणाऱ्या मुलाची ९० फुटांत दमछाक होते. तेव्हा मुलांना खेळ येत नाही असे जे आपण म्हणतो, त्यात पुष्कळ वेळा दोष मैदानाच्या लांबीरुंदीचा असतो.

स्टॉट्झ यांनी ह्या गोष्टीचा शोध कागदावर घेतला नाही. त्यांनी शेजारपाजारची मुले जमविली आणि त्यांना खेळायला लावून ठाणी मागेपुढे सरकवून पाहिली. ठाणी फार जवळ आणली तर प्रत्येक फलंदाज सुटतो, फार लांब नेली तर प्रत्येक जण बाद होतो. दोहोंतही खेळ उरत नाही. पळणारा मुलगा आणि फेकलेला चेंडू हे दोघे जवळजवळ एकाच क्षणी ठाण्यावर पोचतील असे अंतर त्यांना हवे होते. ते साठ फूट निघाले, म्हणजे मोठ्यांच्या मैदानाच्या बरोबर दोनतृतीयांश. अशा चौरसाचा कर्ण सुमारे ८५ फूट होतो व तेवढ्या अंतरावर लहान मुलाची फेक पोचते. पिचरचे अंतर त्यांनी प्रारंभी ३८ फूट ठेवले. पुढे अनुभवानुसार ते वाढत जाऊन ४६ फूट झाले. नऊ डावांऐवजी सहा डाव ठेवण्यात आले. पिचरच्या हातून सुटलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोचेपर्यंत धावणाऱ्याने आपले ठाणे सोडावयाचे नाही, असाही निर्बंध आला. कारण लहान मुलांच्या फेकीवर ठाणे चोरणे फारच सोपे झाले असते. खेळाचा आत्मा कायम ठेवून त्याचे माप तेवढे बदलायचे, अशी ही दृष्टी होती. आपल्याकडील शालेय सॉफ्टबॉलच्या मैदानात ठाण्यांमधील अंतर साठ फूटच असते हे क्रीडाशिक्षकांना ठाऊक आहेच.

सत्तावन्नावे दार

मैदानाचे ठरले, पैशाचे ठरावयाचे होते. गणवेश, चेंडू व फळ्या ह्यांसाठी स्टॉट्झ यांनी शहरातील व्यापारी व कारखानदार यांच्याकडे हेलपाटे घातले. लिट्ल लीगच्या इतिहासात सांगितले जाते की, छप्पन्न ठिकाणी त्यांना नकार मिळाला आणि सत्तावन्नाव्या ठिकाणी, 'लायकमिंग डेअरी' ह्या दुग्धव्यवसाय संस्थेत, होकार मिळाला. देणगी होती तीस-पस्तीस डॉलरांची. त्यानंतर 'लंडी लंबर' ही लाकडाची वखार व 'जम्बो प्रेट्झेल' हा खाऱ्या बिस्किटांसारखा पदार्थ करणारा कारखाना पुढे आला. लोकवर्गणीसाठी दारोदार फिरलेल्या आपल्या सरपंचांना व मुख्याध्यापकांना ह्या छप्पन्न नकारांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. त्या मंदीच्या दिवसांत नाही म्हणणारे सगळेच कंजूष होते असेही मानण्याचे कारण नाही.

तीन देणगीदारांच्या नावाने तीन संघ झाले. बर्ट बेबल व जॉर्ज बेबल हे दोघे बंधू आणि स्वतः स्टॉट्झ यांनी एकेका संघाची जबाबदारी घेतली. ह्या तिघांच्या पत्नी व आणखी एक जोडपे मिळून पहिले संचालक मंडळ तयार झाले. कोणासही मानधन नव्हते. दिवसभराचे काम आटोपून संध्याकाळी मैदान साफ करायचे, रेघा मारायच्या, मुलांना शिकवायचे, सामन्यात पंच मिळवायचे आणि मग घरी जायचे, असा त्यांचा क्रम असे.

६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. लंडी लंबरने लायकमिंग डेअरीचा २३-८ असा पराभव केला. बेसबॉलमध्ये एका सामन्यात एकतीस धावा होणे म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांना टाकता येत नाही व अडविणाऱ्यांना अडविता येत नाही, असाच अर्थ होतो. त्याच हंगामाच्या अखेरीस विजेतेपदासाठी हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. निर्णायक सामना लायकमिंग डेअरीने जिंकला तो ३-२ असा. २३-८ पासून ३-२ पर्यंतचा हा एका उन्हाळ्यातील प्रवास शिकविणाऱ्यांच्या कामाबद्दल पुष्कळ काही सांगून जातो.

संघ बांधण्याच्या पद्धतीतही विचार होता. मुले आसपासच्याच वस्तीतील घ्यायची. लांबून चांगला खेळाडू आणून आपला संघ बळकट करावयाचा नाही. खेळाडूंची वाटणी अशी करायची की सगळे चांगले खेळाडू एकाच संघात जमू नयेत. पुढे प्रत्येक मुलाला सामन्यात किमान काही वेळ मैदानात व एकदा तरी फळी हाती मिळालीच पाहिजे असा नियम झाला. आपल्या शालेय संघांत पंधरा मुलांची नावे लागतात व त्यांतील चार जण वर्षभर पाण्याच्या बाटल्या सांभाळतात. त्या दृष्टीने हा नियम पाहण्यासारखा आहे.

वाढ आणि दुरावा

दुसऱ्याच वर्षी विल्यम्सपोर्टमध्ये आणखी एक लीग निघाली. महायुद्धाच्या काळात वाढ मंदावली, पण युद्ध संपताच गावोगावांहून चौकशीची पत्रे येऊ लागली. १९४७ साली न्यू जर्सी राज्यातील हॅमन्टन येथे पेन्सिल्व्हानियाबाहेरील पहिली लीग सुरू झाली. त्याच वर्षी विल्यम्सपोर्टला पहिली मोठी स्पर्धा भरली. तीत स्थानिक मेनार्ड संघाने अंतिम सामन्यात लॉक हेवनवर १६-७ असा विजय मिळविला. हीच स्पर्धा पुढे 'लिट्ल लीग वर्ल्ड सिरीज' म्हणून प्रसिद्धीस आली.

एवढा व्याप संध्याकाळच्या फावल्या वेळात सांभाळणे शक्य नव्हते. ह्या सुमारास 'युनायटेड स्टेट्स रबर' ही मोठी कंपनी साहाय्यासाठी पुढे आली. तिच्या कारखान्यात रबरी तळव्याचे बूट तयार होत आणि मुलांच्या पायांत धातूच्या खिळ्यांऐवजी रबराचे खूर असलेले बूट असावेत हे स्टॉट्झ यांनाही हवे होते. कंपनीला गिऱ्हाईक दिसले आणि स्टॉट्झ यांना सुरक्षितता दिसली, दोघांचे जमले. ते पूर्ण वेळ लीगचे काम पाहू लागले. १९४९ मध्ये 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट' ह्या लोकप्रिय साप्ताहिकात लीगवर लेख आला आणि देशभरातून मागणीचा पूर लोटला. पुढे संस्थेची रीतसर नोंदणी झाली. १९५२ मध्ये कंपनीतील अधिकारी पीटर मॅकगव्हर्न हे अध्यक्ष झाले आणि स्टॉट्झ आयुक्त म्हणून राहिले.

येथून मतभेद सुरू झाले. स्टॉट्झ यांचे म्हणणे असे होते की, सारी सूत्रे एका कार्यालयात गोळा होत आहेत, गावोगाव राबणाऱ्या स्वयंसेवकांना निर्णयात स्थान उरलेले नाही, आणि वस्तीतल्या मुलांच्या खेळाला मोठ्या स्पर्धेचे व व्यापाराचे वळण लागत आहे. उलट बाजूचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. हजारो संघांचा कारभार, नियमांची एकवाक्यता, मुलांच्या वयाची पडताळणी ह्या गोष्टी केवळ सद्‌भावनेवर चालत नाहीत. शासनाच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे मान्य करावे लागेल. पण केंद्रीय कार्यालय आवश्यक आहे, एवढ्यावरून ते कोणाला जबाबदार असावे हा प्रश्न सुटत नाही. आणि स्टॉट्झ यांचा आक्षेप नेमका तेथेच होता. १९५५ च्या अखेरीस वाद न्यायालयात गेला व १९५६ मध्ये तडजोड होऊन स्टॉट्झ संस्थेबाहेर पडले. स्वतः रुजविलेल्या रोपाचे नावही त्यांना पुढे वापरता आले नाही.

कुंपणाबाहेरची मुले

ह्या संघटनेचे गुणगान करताना तिने कोणाला बाहेर ठेवले हेही सांगितले पाहिजे. १९५० साली न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग येथे कॅथ्रिन जॉन्स्टन ही मुलगी केस टोपीत लपवून, 'टबी' असे मुलाचे नाव घेऊन संघात खेळली. त्यानंतर १९५१ मध्ये मुलींना खेळता येणार नाही असा स्पष्ट नियमच करण्यात आला. स्टॉट्झ त्या वेळी संस्थेतच होते. ज्यांच्या घरी मुलीच होत्या आणि ज्यांनी लहानांसाठी मैदानाचे माप बदलले, त्यांच्या काळात असे व्हावे ही गोष्ट त्यांच्या चरित्रात उणी वाटते. १९७२ मध्ये न्यू जर्सीतील होबोकेन येथे मारिया पेपे ही मुलगी तीन सामने खेळली आणि नंतर तिला काढून टाकण्यात आले. स्त्रियांच्या एका राष्ट्रीय संघटनेने तक्रार केली, प्रकरण नागरी हक्क विभागाकडून न्यायालयापर्यंत गेले आणि १९७४ मध्ये मुलींना दार उघडले. तोपर्यंत मारियाचे वय उलटून गेले होते. चाळीस वर्षांनी, २०१४ साली, मोने डेव्हिस ही मुलगी वर्ल्ड सिरीजमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव करू न देता सामना जिंकणारी पहिली मुलगी ठरली.

१९५५ ची हकीकत अधिक बोचरी आहे. साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथील 'कॅनन स्ट्रीट' हा कृष्णवर्णीय मुलांचा संघ राज्यस्पर्धेसाठी नोंदविला गेला, तेव्हा त्या राज्यातील सगळ्या गोऱ्या संघांनी माघार घेतली. मॅकगव्हर्न यांच्या कार्यालयाने कॅनन स्ट्रीटला बाजूला सारण्यास नकार दिला, हे त्यांच्या बाजूने नमूद करावयास हवे. परंतु न खेळता राज्यविजेता ठरलेल्या संघाला पुढच्या फेरीत प्रवेश नाही, ह्या नियमावर बोट ठेवून त्या मुलांना थांबविण्यात आले. पाहुणे म्हणून त्यांना विल्यम्सपोर्टला बोलावले गेले. 'त्यांना खेळू द्या' असा प्रेक्षकांनी गजर केला, पण मुलांना सामना बाहेर बसूनच पाहावा लागला.

जुने मैदान

लिट्ल लीगमधून बाहेर पडल्यावर स्टॉट्झ यांनी मुलांचे काम सोडले नाही. विल्यम्सपोर्टमधील मूळ लीग त्यांच्या बरोबर राहिली आणि 'ओरिजिनल लीग' ह्या नावाने, कोणत्याही मोठ्या संघटनेला न जोडता, तिचे सामने चालू राहिले. वर्ल्ड सिरीज १९५८ पर्यंत ज्या मैदानावर भरली, ते हेच मैदान. १९५९ पासून ती नदीपलीकडील साउथ विल्यम्सपोर्टमध्ये, भव्य प्रेक्षागार असलेल्या नव्या मैदानावर भरू लागली. नदीच्या एका काठावर देशोदेशीचे संघ, नभोवाणी व दूरचित्रवाणी. दुसऱ्या काठावर आसपासच्या वस्तीतील मुले आणि त्यांचे आईबाप. मेक्सिकोतील मॉन्टेरे येथील गरीब घरांतील मुलांनी १९५७ साली वर्ल्ड सिरीज जिंकली. अमेरिकेबाहेरचा तो पहिला विजेता संघ. तो सामना जुन्याच मैदानावर झाला. पण तेव्हा स्टॉट्झ यांचे त्या स्पर्धेशी नाते उरले नव्हते. १९६४ मध्ये लिट्ल लीगला अमेरिकी संसदेच्या कायद्याने सनद मिळाली.

स्टॉट्झ यांचे ४ जून १९९२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी निधन झाले. त्यांच्या आठवणींचे पुस्तक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. जुन्या मैदानाला त्यांचे नाव देण्यात आले आणि त्यांच्या पश्चातही तेथे मुलांचे सामने होत राहिले.

मुलाच्या शरीराप्रमाणे खेळाचे माप ठरवायचे ही त्यांची दृष्टी लिट्ल लीगने मात्र टाकली नाही. १९५५ मध्ये संस्थेत आलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्रेटन हेल यांनी दोन्ही कान झाकणारे शिरस्त्राण तयार केले. वाढत्या वयात एकाच हाताने सतत जोराने चेंडू फेकल्यास कोपर व खांदा यांच्या वाढत्या हाडांना इजा होते. क्रिकेटमध्ये जलद गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या पाठीचा प्रश्नही ह्याच जातीचा आहे. पूर्वी मुलाने किती डाव चेंडू टाकावेत एवढीच मर्यादा होती. परंतु एखाद्या डावात दहा चेंडू पडतात, तर एखाद्यात चाळीस. म्हणून २००७ पासून प्रत्यक्ष चेंडूच मोजण्याचा नियम आला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाने एका दिवसात ७५ व अकरा-बारा वर्षांच्या मुलाने ८५ चेंडूंपेक्षा अधिक टाकावयाचे नाहीत. सामना कितीही रंगात आलेला असला तरी मोजणी पुरी झाली की पिचर बदलावा लागतो. समोर असलेल्या फलंदाजापुरती काय ती सवलत. ह्या वयाच्या ज्या मुलाने ६६ किंवा त्याहून अधिक चेंडू टाकले असतील, त्याला पुढील चार दिवस चेंडू टाकण्यासाठी उभे करता येत नाही.